महाडचा शोधनिबंध आणि सायटेशनचा हिशेब

गेल्या काही वर्षांत सातारा-सांगलीकडच्या वर्तमानपत्रांत एक बातमी दरसाल ठरलेली असते. ‘जगातल्या आघाडीच्या दोन टक्के शास्त्रज्ञांची’ यादी जाहीर होते आणि कराड, मिरज, सांगली नाहीतर शेजारच्या कोल्हापुरातल्या कुणा प्राध्यापकाचं नाव तिच्यात झळकतं. संस्थेत सत्कार होतो, गावात अभिनंदनाचे फलक लागतात. आपल्या भागातला माणूस जगाच्या यादीत आला याचा आनंद खराच आहे आणि तो व्हायलाच हवा. पण बातमी वाचून झाली तरी या प्राध्यापकांनी नेमका कशाचा अभ्यास केला, त्यांना काय सापडलं आणि त्याचा कुणाला उपयोग झाला, हे वाचकाला कळलेलं नसतं. मान कशाबद्दल मिळाला तेच बातमीत येत नाही.

ही यादी अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाचे जॉन आयोनिडिस आणि त्यांचे सहकारी तयार करतात. तिची पद्धत त्यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केली. स्कोपस या भल्यामोठ्या सूचीतली माहिती घ्यायची आणि सहा निकष एकत्र करून प्रत्येक संशोधकाला एक गुण द्यायचा, अशी ती पद्धत आहे. सहाही निकषांचा पाया एकच, तो म्हणजे सायटेशन. एखाद्या शोधनिबंधाच्या शेवटी संदर्भांची यादी असते. त्या यादीत तुमच्या निबंधाचं नाव आलं की तुमच्या खात्यावर एक सायटेशन जमा होतं. तुमचं म्हणणं पटलं म्हणून नाव घेतलं की खोडून काढायला घेतलं, याची चौकशी मोजणारा करत नाही.

मोजणीची ही कल्पना यूजीन गारफिल्ड या अमेरिकी गृहस्थांची. १९५५ मध्ये त्यांनी ‘सायन्स’ नियतकालिकात ती मांडली आणि १९६४ मध्ये त्यांची ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ ही सूची बाहेर पडली. मूळ हेतू साधा आणि चांगला होता. एका जुन्या निबंधाचं पुढे काय झालं, कुणी तो पुढे नेला, कुणी चुकीचा ठरवला, हे अभ्यासकाला झटकन सापडावं. नियतकालिकाचा इम्पॅक्ट फॅक्टर याच घरातून निघाला. आधीच्या दोन वर्षांत छापलेल्या लेखांना यंदा किती सायटेशन मिळाली, त्याला त्या लेखांच्या संख्येनं भागायचं, की तो आकडा मिळतो. मुळात तो आहे नियतकालिकाचा. बढतीच्या मुलाखतीत मात्र तो माणसाला चिकटवला जातो. एखाद्या नियतकालिकाची बरीचशी सायटेशन त्यातल्या मोजक्या लेखांनी कमावलेली असतात, बाकीचे लेख त्यांच्या पुण्याईवर बसलेले असतात, हे तिथे कुणी लक्षात घेत नाही.

माणसासाठीचा आकडा २००५ मध्ये आला. जॉर्ज हिर्श या पदार्थवैज्ञानिकानं तो सुचवला आणि त्याला एच-इंडेक्स म्हणतात. तो काढायला कागद-पेन्सिल पुरते. समजा, एका डॉक्टरांचे सहा निबंध आहेत आणि त्यांना अनुक्रमे ४०, २२, ९, ५, ४ आणि १ सायटेशन मिळाली आहेत. मोठ्या आकड्याकडून लहान आकड्याकडे मोजत जायचं. चौथ्या निबंधाला पाच सायटेशन आहेत, म्हणजे चारपेक्षा कमी नाहीत. पाचव्याला चारच आहेत, म्हणजे पाचाला एक कमी पडलं. इथे थांबायचं. या डॉक्टरांचा एच-इंडेक्स चार. आता पहिल्या निबंधाला ४० ऐवजी ४,००० सायटेशन मिळाली असती तरी आकडा चारच राहिला असता. आयुष्यात एकच मोठी गोष्ट शोधणाऱ्यावर हा आकडा अन्याय करतो, आणि मध्यम प्रतीचे निबंध सातत्यानं काढणाऱ्याला तो हात देतो.

या हिशेबाबाहेर काय राहतं, ते बघायला महाबळेश्वरहून आंबेनळी घाट उतरावा. खाली पोलादपूर, त्याच्या पुढे महाड. १९७६ मध्ये डॉ. हिंमतराव बावस्कर महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी म्हणून रुजू झाले. ते जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचे, गरिबीतून नागपूरच्या सरकारी महाविद्यालयात जाऊन शिकलेले. बिरवाडीला त्यांच्यापुढे विंचू चावलेले रुग्ण येऊ लागले. विंचू चावल्यानं माणूस तळमळतो हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण इथे धडधाकट माणसं आणि लहान मुलं दगावत होती, आणि पाठ्यपुस्तकात त्यावर धड चार ओळी नव्हत्या.

अगदीच कुणी लिहिलं नव्हतं असं नाही. हाफकिन संस्थेत कैयस आणि म्हसकर यांनी १९३२ मध्ये भारतीय विंचवांवर अभ्यास प्रसिद्ध केला होता. १९६१ मध्ये डॉ. मुंडले यांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये विंचूदंशानंतर फुप्फुसात पाणी होतं याकडे लक्ष वेधलं होतं. पण हे अंक बिरवाडीसारख्या ठिकाणी पोचत नव्हते, आणि पोचले असते तरी ‘मग करायचं काय’ याचं उत्तर त्यांत नव्हतं.

बावस्करांनी रुग्णाच्या खाटेशी बसून नाडी, रक्तदाब, श्वास, घाम यांच्या नोंदी ठेवायला सुरुवात केली. एखाद्या रुग्णाचं काय होतं ते जवळून बघू. भाताच्या पेंढ्यात किंवा दगडाखाली हात जातो आणि लाल विंचू डंख मारतो. थोड्या वेळात उलटी होते. दरदरून घाम सुटतो, कपडे भिजतात, तोंडाला लाळ येते. पुरुषांत आणि मुलग्यांत लिंगाला ताठरपणा येतो, जी गोष्ट घरचे लाजेनं सांगत नाहीत आणि डॉक्टरही विचारायला कचरतो. हात-पाय बर्फासारखे गार पडतात. रक्तदाब आधी चढतो. काही तासांनी धाप लागते, खोकल्याबरोबर गुलाबी फेस येतो, आणि मग रक्तदाब कोसळतो. विष चेतातंतूंमधले सोडियमचे मार्ग उघडेच ठेवतं, त्यामुळे ॲड्रेनलिनच्या जातीची द्रव्यं रक्तात एकदम सुटतात. रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि हृदय त्या दाबाविरुद्ध झुंजत थकतं. रुग्ण दगावतो तो वेदनेनं नाही, हृदय हरल्यामुळे.

उलटी, घाम, लाळ, गार हातपाय, लिंगाचा ताठरपणा ही हृदयावर येऊ घातलेल्या संकटाची आगाऊ सूचना आहे, हे सांगणारा त्यांचा निबंध १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. हे लंडनचं साप्ताहिक १८२३ पासून निघतं आणि जगभरचे डॉक्टर ते वाचतात. तालुक्याच्या गावातल्या डॉक्टरला हातात कुठलंही यंत्र नसताना कुणाला धोका आहे आणि कुणाला नाही, हे निवडता यावं अशी ती यादी होती. मला हा निबंध त्यांच्या इतर कामाइतकाच मोलाचा वाटतो, कारण त्याला एक पैसाही खर्च येत नाही.

पुण्यात एम.डी. करून बावस्कर पुन्हा महाडला आले. त्या काळी विंचूदंशावर ॲट्रोपिनपासून गुंगीच्या औषधांच्या मिश्रणापर्यंत काय वाट्टेल ते दिलं जाई, आणि त्यातल्या काहींनी रुग्णाचं नुकसानच होई. त्यांनी विचार केला तो साधा होता. विषानं आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करणारं औषध द्यावं. प्रॅझोसिन नावाची, रक्तदाबासाठी वापरली जाणारी, स्वस्त गोळी नेमकं तेच करते. डॉ. हिंमतराव आणि त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांचा प्रॅझोसिनवरचा निबंध १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. लांबी, पानं ५१० आणि ५११. गंभीर विंचूदंशात पूर्वी शंभरातले तीसच्या आसपास रुग्ण दगावत, ते प्रमाण या उपचारानं एक ते तीनवर आलं. लाल विंचू कोकणापुरता नाही. पश्चिम महाराष्ट्र, कर्नाटक, आंध्र, तमिळनाडू असा त्याचा पसारा आहे, आणि ही गोळी या सगळ्या मुलखात पोचली.

आता हिशेब लावू. या दोन पानांना सायटेशन किती मिळणार? विंचूदंशावर काम करणारे अभ्यासक भारत, ट्युनिशिया, मोरोक्को, इराण, तुर्कस्तान, ब्राझील, मेक्सिको अशा थोड्याच देशांत आहेत. जगात दरवर्षी सुमारे १२ लाख लोकांना विंचू चावतो आणि त्यांतले तीन हजारांवर दगावतात, असा २००८ मध्ये प्रसिद्ध झालेला अंदाज आहे. पण ही माणसं शेतकरी, मजूर, त्यांची मुलं. त्यांच्या दुखण्यावर प्रयोगशाळा चालत नाहीत आणि औषध कंपन्यांना नफा दिसत नाही. कर्करोग किंवा मधुमेहावरचा मध्यम निबंधही सायटेशनमध्ये या दोन पानांच्या सहज पुढे निघून जातो, कारण त्या विषयावर लिहिणारेच हजारो आहेत. शिवाय प्रॅझोसिनची गोळी रात्री दोन वाजता देणारा वैद्यकीय अधिकारी सकाळी उठून शोधनिबंध लिहीत नाही. त्यानं वाचवलेला पोरगा घरी जातो आणि कुणाच्याही खात्यावर काही जमा होत नाही. सायटेशन मोजतं ते लिहिणाऱ्यांनी लिहिणाऱ्यांची घेतलेली दखल. वैद्यकाचा मोठा भाग न लिहिणाऱ्यांच्या हातून चालतो.

संशोधकाची पारख करायची तर मी त्याच्या आकड्याआधी आणखी एक गोष्ट बघेन. स्वतःच्याच निष्कर्षाकडे तो परत गेला का? बावस्कर गेले. प्रॅझोसिनचं नाव झालं होतं आणि त्यावर थांबता आलं असतं. दरम्यान विंचूविषावरची प्रतिविष लस उपलब्ध झाली होती आणि ती द्यावी की नाही यावर डॉक्टरांत मतभेद होते. बावस्कर दांपत्यानं महाडच्या आपल्या रुग्णालयात चाचणी घेतली. ७० रुग्ण चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गटांत वाटले. ३५ जणांना नुसती प्रॅझोसिन, ३५ जणांना प्रॅझोसिन आणि लस. दहा तासांनी नुसत्या गोळीच्या गटात ८ जण पूर्ण बरे झाले होते, लस आणि गोळीच्या गटात ३२. बरं व्हायला लागणारा सरासरी वेळ पहिल्या गटात पावणेअठरा तासांच्या जवळ होता, दुसऱ्यात आठ तास. हा निबंध २०११ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’नं छापला. ज्या गोळीनं नाव मिळवून दिलं तिच्या एकटीपेक्षा दोन्ही मिळून बरं, हे त्यांनी स्वतःच जगाला सांगितलं. एच-इंडेक्समध्ये याला वेगळा रकाना नाही. २०१४ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये विंचूदंशावरचा आढावा लेख आला, त्याचे दोन लेखक होते. एक ऑस्ट्रेलियाचे जेफ्री इस्बिस्टर, दुसरे महाडचे बावस्कर. २०२२ मध्ये सरकारनं बावस्करांना पद्मश्री दिली.

सायटेशनला चकवणारा दुसरा प्रकार मुंबईतच घडला. १९५२ मध्ये डॉ. य. म. भेंडे आणि सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्येच एका नव्या रक्तवैशिष्ट्याची छोटीशी नोंद छापली. ओ गटाच्या सगळ्या रक्तात एच नावाचा घटक असतो. त्या नोंदीतल्या माणसांच्या रक्तात तोही नव्हता, त्यामुळे त्यांना ओ गटाचं रक्तही चालत नव्हतं. आज त्याला जगभर ‘बॉम्बे रक्तगट’ म्हणतात. भारतात सुमारे दहा हजारांत एकाचा हा गट असतो, युरोपात दहा लाखांत एखाद्याचा. मिरजेच्या रक्तपेढीतला तंत्रज्ञ असो की टोकियोतला, हे नाव तो रोजच्या बोलण्यात वापरतो, पण दर वेळी भेंड्यांच्या निबंधाचा संदर्भ देत नाही. शोध इतका मुरला की त्याला सायटेशन देण्याचं कारणच उरलं नाही. रॉबर्ट मर्टन या समाजशास्त्रज्ञानं या प्रकाराची मुद्दाम नोंद घेतली होती. सगळ्यात यशस्वी शोधांच्या सायटेशनचा आकडा म्हणूनच कधी कधी अपुरा दिसतो.

उलट बाजूही आहे. अँड्र्यू वेकफील्ड यांनी १९९८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये १२ मुलांवरचा निबंध छापला आणि गोवराच्या एकत्रित लसीचा संबंध स्वमग्नतेशी जोडला. तो लबाडीचा निघाला आणि २०१० मध्ये नियतकालिकानं तो मागे घेतला. त्याची सायटेशन मात्र भरमसाट आहेत, बहुतेक त्याला चुकीचा म्हणणारी. मोजणाऱ्या यंत्राच्या लेखी ती सगळी जमेचीच.

आपल्याकडचा घोळ वेगळा, आणि तो घरचा आहे. निबंधावर नाव छापतात ते आडनाव आणि आद्याक्षर असं. कराड-वाळवा-तासगावात ‘पाटील एस.’ किती असतील ते वाचकानंच आठवून बघावं. शिंदे, जाधव, मोरे यांचंही तेच. सूचीत दोन-तीन पाटलांचे निबंध एकाच्या खात्यावर चढतात, नाहीतर एकाच बाईचे निबंध लग्नाआधीच्या आणि नंतरच्या आडनावात दुभंगतात. यावर २०१२ पासून ‘ऑर्किड’ नावाचा सोळा अंकी क्रमांक मिळतो, तो फुकट आहे आणि प्रत्येक तरुण डॉक्टरनं पहिल्या निबंधाआधीच काढून ठेवावा. शिवाय आकडा कुठून घेतला यावर बरंच अवलंबून असतं. गूगल स्कॉलर प्रबंध, परिषदांमधले सारांश असं सगळं धरतं, म्हणून तिथला आकडा फुगलेला दिसतो. स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स निवडक नियतकालिकंच मोजतात. पबमेड ही अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाची मोफत सूची, ती निबंध शोधून देते, माणसांना क्रमांक देत नाही. फलकावर नुसतं ‘एक हजार सायटेशन’ लिहिलेलं असेल तर कुठल्या सूचीतली, हा प्रश्न वाजवी आहे.

बढतीसाठी निबंध सक्तीचे झाले, तेव्हा दुकानंही निघाली. पैसे भरा, आठवड्यात छापतो, असं म्हणणारी नियतकालिकं आहेत. निबंध वाचून दोष काढणारे परीक्षक त्यांच्याकडे नसतातच. विभागप्रमुखाचं नाव न विचारता आधी घालण्याची चालही आहे. वैद्यकीय संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीचा नियम स्पष्ट आहे: अभ्यासाच्या आखणीत किंवा विश्लेषणात ज्याचा खरा वाटा आहे, ज्यानं मजकूर लिहिला वा तपासला, अंतिम मसुद्याला संमती दिली आणि चुकीची जबाबदारी घेतली, तोच लेखक. सरसकट या कसोटीला लावलं तर लेखकांच्या कितीतरी याद्या आखूड होतील.

आणि सक्ती करूनही चित्र काय आहे? दिल्लीचे शल्यविशारद समीरन नंदी आणि सहकाऱ्यांनी २००५ ते २०१४ या दहा वर्षांतलं भारतातल्या ५७९ वैद्यकीय संस्थांचं लेखन तपासलं. वर्षाला शंभराहून जास्त निबंध देणाऱ्या संस्था फक्त २५, आणि देशाच्या एकूण निबंधांतले चाळीस टक्के त्यांचेच. ३३२ संस्थांमधून, म्हणजे निम्म्याहून जास्त ठिकाणांहून, दहा वर्षांत एकही निबंध निघाला नव्हता. हे वाचून मला वाईट वाटतं ते यासाठी की रुग्ण तर या सगळ्या संस्थांत रोज येत होते.

सायटेशनशिवायही मोठी कामं होतात, याला मिरज साक्षी आहे. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये तिथे रुग्णालय काढलं आणि दूरदूरच्या मुलखातून रुग्ण रेल्वेनं मिरजेला येऊ लागले. ती कीर्ती बरे झालेल्या माणसांनी पसरवली. पुढे १९६२ मध्ये तिथे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आलं. नंतर कराडला, सांगलीला आणि अलीकडे साताऱ्यालाही महाविद्यालयं झाली. पण बऱ्या झालेल्या रुग्णाच्या तोंडची कीर्ती आणि छापील निबंध यांत एक फरक आहे आणि तो मान्य करायला हवा. एका डॉक्टरचं कसब त्याच्याबरोबर संपतं. बिरवाडीतलं निरीक्षण छापलं गेलं म्हणूनच ते आंध्रातल्या डॉक्टरच्या हाती लागलं. म्हणून ‘आम्ही रुग्ण बघतो, पेपर काढत बसत नाही’ हा बाणा मला पटत नाही. आकड्यांच्या मागे लागणं जितकं चुकीचं, तितकंच न लिहिणंही चुकीचं.

पाटण, जावळी, शिराळा, जत, आटपाडी इथल्या ग्रामीण रुग्णालयांत आज सर्पदंश येतात, विंचूदंश येतात, कीटकनाशकाची विषबाधा येते, ऊसतोडीच्या हंगामात फडातल्या बायकांची न सांगितलेली दुखणी येतात. केसपेपरवर चार ओळी लिहिल्या जातात आणि गठ्ठा कपाटात जातो. तिथल्या तरुण वैद्यकीय अधिकाऱ्यांना माझी विनंती आहे की त्यांनी एकच प्रश्न धरावा आणि तीन-चार वर्षं सारख्या पद्धतीनं नोंदी ठेवाव्यात. चांगल्या नियतकालिकाचे संपादक महाडहून आलेला कागद वाचतात, हे सिद्ध झालेलं आहे. आणि कराड, मिरज, सांगली, सातारा इथल्या महाविद्यालयांनी दोन टक्क्यांच्या यादीच्या फलकावर जो खर्च होतो, त्यात आसपासच्या तालुक्यांतल्या या डॉक्टरांना आकडेमोड तपासून देणारा एक संख्याशास्त्रज्ञ आणि नैतिक समितीची मंजुरी वेळेत मिळवून देणारी एक खिडकी द्यावी. बाकीचं काम ते डॉक्टर करतील.